पहाटेची साखर

आमच्या दुकानांच्या ओळीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. जिन्याखालच्या तिरक्या जागेत त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. जागा एवढी लहान, की सरळ उभं राहायचं तर बाहेर यावं लागे. मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढे किल्ली कातायचं यंत्र आणि मांडीवर कायम एक जुना चामड्याचा तुकडा. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची, तीही अर्धीच. त्यामुळे बारा वर्षं आम्ही एकमेकांचं सगळं ऐकत आलो. माझं नाव त्यांना नक्की माहीत होतं, पण हाक मारायचे ‘झेरॉक्सबाई’ अशीच.

उस्तादांना ‘बिघडलंय’ हा शब्द आवडायचा नाही. कुणी कुलूप पुढ्यात टाकून “बिघडलंय” म्हणालं, की ते विचारायचे, “काय बिघडलंय? ते सांगा, मग दुरुस्त करू.” आणि कारण सापडेपर्यंत माणसाला चहालाही उठू द्यायचे नाहीत.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कानस निसटून त्यांचा अंगठा कापला. जखम साधीच, पण महिना झाला तरी भरेना. त्यातच त्यांचं पाणी पिणं एकदम वाढलं. सकाळी दोन बाटल्या, दुपारी दोन, आणि दर तासाला “झेरॉक्सबाई, जरा दुकान बघ” म्हणून कोपऱ्यावरच्या शौचालयाकडे धाव. शेवटी मीच म्हटलं, “उस्ताद, हे काही बरं लक्षण नाही. रक्त तपासून घ्या.”

तपासलं, तर साखर. तीन महिन्यांची सरासरी, जी सहाच्या आसपास हवी, ती नऊच्या वर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या, पण बाहेर रांग मोठी. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. छोटी गोळी सकाळी नाश्त्याआधी. मोठी गोळी नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. घरी साखर मोजायचं यंत्र घ्या, भात-पाव कमी करा, भाजी वाढवा, रोज चाला. कागद हातात घेऊन उस्ताद दुकानात आले आणि माझ्याकडून त्याच्या तीन प्रती काढून घेतल्या. एक घरी, एक दुकानात, एक खिशात.

“साखर बंद, हे समजलं,” ते म्हणाले. “पण भात कुठे गोड असतो?”

मी म्हटलं, “भाताचीही पोटात साखरच होते म्हणे.”

“आणि पावाची?”

“त्याचीही.”

“बटाट्याची?”

मी मान डोलावली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. “म्हणजे चोपन्न वर्षं मी साखरच खात होतो, आणि मला वाटत होतं जेवतोय.”

त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. किल्ली करायला आलेला प्रत्येक जण जाता जाता एक उपाय देऊन जायचा. कुणी म्हणे फळं सोडा, कुणी म्हणे फळांवरच राहा. एकाने कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्याने तो पिऊन मेहुण्याला झालेली उलटी वर्णन करून सांगितली. उस्ताद सगळ्यांचं मन लावून ऐकायचे आणि मग मला भिंतीवरून विचारायचे, “यातलं खरं कुठलं?” मला तरी काय ठाऊक? आम्ही दोघं मिळून शून्य.

तरी माणूस जिद्दीचा. त्यांनी चहातली साखर सोडली, भात अर्ध्यावर आणला, रोज सकाळी चालायला लागले. गंमत म्हणजे साखर खाली येऊ लागली. पण फक्त संध्याकाळची. रात्री झोपायच्या आधी बोट टोचलं, की एकशे चाळीस. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या टोचलं, की एकशे अठ्ठ्याऐंशी.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी खराब. दुसऱ्या दिवशी वाटलं, यंत्र खराब. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बोट पुढे करायला लावलं. वहिनींची साखर चौऱ्याण्णव. यंत्र चोख होतं.

“झोपताना एकशे चाळीस, उठताना एकशे अठ्ठ्याऐंशी,” उस्ताद मला म्हणाले. “मधे मी फक्त झोपलोय. झोपेत काय गोड असतं?”

घरी हाच प्रश्न वहिनींना पडला होता, पण त्यांनी त्याचं उत्तरही काढलं होतं. त्या बोलल्या काहीच नाहीत. फक्त बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला, मग कपाटात गेला, मग शेजारणीकडे गेला. उस्तादांनी विचारलं, “माझ्यावर संशय आहे का तुझा?”

“मी काही म्हणाले का?” वहिनी म्हणाल्या.

“म्हणाली नाहीस, तेच तर.”

चोवीस वर्षांच्या संसारात खोटेपणाचा आरोप त्यांच्यावर कधी आला नव्हता. हे मला सांगताना त्यांच्या हातातली किल्ली यंत्रात वाकडी बसली आणि एक कोरी किल्ली वाया गेली. मी असं पहिल्यांदाच पाहिलं.

मग उस्तादांची थोरली बहीण आली. ताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी आवाज अजून मधल्या सुट्टीनंतरचा. त्यांनी वहिनींचं ऐकून घेतलं, भावाचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

“तू खोटं बोलत नाहीस. तू झोपेत उठून खातोस. आपले बाबा झोपेत चालायचे, विसरलास?”

उस्ताद विसरले नव्हते. एकदा वडील झोपेतच बाहेरच्या दाराची कडी काढून पायरीवर जाऊन बसले होते. तोवर बायको संशय घेत होती. आता त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दुसऱ्या दिवसापासून ते उठल्यावर आधी आरशासमोर जायचे आणि मिशीत काही अडकलंय का ते बघायचे. उशी झटकायचे. नखं हुंगायचे. मला म्हणाले, “झेरॉक्सबाई, आपण काय करतो ते आपल्यालाच माहीत नसेल, तर विचारायचं कुणाला?”

वहिनींनी सुचवलं, स्वयंपाकघराला कुलूप लावू. त्यावर उस्ताद स्वतःच म्हणाले, “कशाला? मी जागेपणी कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडतो. झोपेत कदाचित तीन लागतील.” घरात बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं, पण प्रश्न जागचा हलला नाही. शेवटी युक्ती काढली ती ताईंनी. झोपायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी चाळणीने पिठाचा पातळ थर पसरला. दारातून कुणी आत गेलं, तर पाऊल उमटणारच.

सकाळी तिघंही दारात उभे होते. पीठ जसंच्या तसं. उस्तादांनी तिथेच खुर्चीवर बसून बोट टोचलं. एकशे ब्याण्णव.

वहिनी एकदा पिठाकडे बघत, एकदा यंत्राकडे. मग म्हणाल्या, “मग येते कुठून?”

ताईंनी पीठ झाडून काढलं.

एवढ्यावर ते डॉक्टरांकडे गेले असते, तर पुढचं टळलं असतं. पण भेटीची तारीख दहा दिवसांवर होती, आणि चूक आपलीच आहे, आपण कुठेतरी जास्त खातोय, हे उस्तादांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी रात्रीचं जेवणच बंद केलं. सकाळी आकडा आणखी वर. मग नाश्ताही बंद केला.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक गिऱ्हाईक किल्लीची नक्कल करून घ्यायला उभं होतं. भिंतीपलीकडचं यंत्र थांबलेलं मला कळलं, पण बोलणं ऐकू येईना. वाकून पाहिलं, तर उस्तादांचा शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि दोन्ही हातांत एकेक किल्ली धरून ते गिऱ्हाईकालाच विचारत होते, “यातली तुमची कुठली? आणि मी केलेली कुठली?”

मी धावत गेले. खिशातला कागद, पिशवीतलं यंत्र, सगळं मला माहीत होतं. बोट टोचलं. छप्पन्न. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: सत्तरच्या खाली गेल्यास ताबडतोब साखर किंवा गोड पेय द्या. इतक्या प्रती काढल्या, पण ती ओळ आम्ही कुणी कधी वाचलीच नव्हती. माझ्या चहाच्या डब्यातली साखर चार चमचे पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला.

ते तोंड फिरवायला लागले. “साखर आहे त्यात.”

“असू दे. प्या.”

“मला चालत नाही.”

“उस्ताद, आत्ता चालते! प्या म्हणते ना!”

प्याले. पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, तेव्हा आकडा वर आला होता आणि माणूसही माणसांत आला होता. मी त्यांना पाव-अंडं खायला लावलं. ते पुटपुटले, “महिनाभर कमी हो, कमी हो म्हणून मागे लागलोय. आणि कमी झाली तर हे.” त्यांचे डोळे भरून आले होते. भीतीने की रागाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी दोन्ही दुकानं बंद केली, वहिनींना फोन केला आणि तारीख नसताना आम्ही तिघं दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी या वेळी घाई केली नाही. आकड्यांची वही चाळली आणि विचारलं, “रात्रीची मोठी गोळी घेताय ना?”

“नाही,” उस्ताद म्हणाले. “जेवणानंतर घ्या असं लिहिलंय. मी जेवतच नाही, तर नंतर कसली घेऊ?”

“आणि सकाळची छोटी?”

“ती घेतो. नाश्त्याआधी लिहिलंय. आज आधी घेतली.”

“आणि नाश्ता?”

“तो बंद केलाय.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “तुम्ही शब्द न् शब्द पाळलात. चूक माझी, मी नीट समजावून सांगितलं नाही. ही छोटी गोळी साखर खाली ढकलते. पोटात अन्न नसेल, तरी ढकलतच राहते. म्हणून आज तसं झालं. ही घेतली की खायचंच. उपाशी राहणार असाल, तर आधी मला विचारायचं.”

“पण सकाळची साखर?” वहिनींनी विचारलं. “हे रात्री काही खात नाहीत. आम्ही पीठ टाकून पाहिलं.”

पिठाची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, “आपल्या यकृतात साखरेचा साठा असतो. आपण झोपलेलो असताना ते त्यातली थोडी थोडी रक्तात सोडतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागलं, की जरा जास्तच सोडतं. सगळ्यांचंच होतं असं. तुमच्या बाबतीत ती आवरायला हवी तशी आवरली जात नाही. रात्रीची मोठी गोळी त्यासाठीच होती, नेमकी तीच तुम्ही सोडलीत, म्हणून आकडा आणखी चढला.”

उस्तादांनी विचारलं, “म्हणजे मी झोपलेला असताना माझं शरीरच चोरून खातं?”

“खात नाही हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाढतं.”

वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हणजे यांनी कधीच काही चोरून खाल्लं नव्हतं?”

“या आकड्यांवरून तरी तसं काही दिसत नाही.”

परत येताना बसमध्ये दोघं शेजारी बसले होते आणि मी मागच्या बाकावर. वहिनींनी उस्तादांच्या हातातली औषधांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. घरी पोचल्यावर त्यांनी शेजारणीकडून बिस्किटांचा डबा परत आणला आणि उघड्या फळीवर ठेवला. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांची किल्ली यंत्रात सरळ बसली होती. आपल्या घरी परत गेलेल्या ताईंना फोनवर सगळं कळवलं, तर त्या म्हणाल्या, “यकृत? मग बाबा पायरीवर का जाऊन बसायचे?” त्याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं नव्हतं.

छोट्या गोळीची मात्रा कमी झाली. रात्रीचं जेवण परत सुरू झालं, आठच्या आत, ताटात अर्धी भाजी, मूठभर भात, सोबत डाळ नाहीतर मासा. जेवून दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतात. तीन महिन्यांनी सरासरी साडेसातच्या खाली आली. अंगठाही भरला, फक्त एक पांढरी रेघ राहिली आहे.

पण सगळं समजलं असं म्हणाल, तर नाही. एखाद्या सकाळी आकडा एकशे पाच असतो, आणि अगदी तेवढंच जेवून, तेवढंच चालून दुसऱ्या सकाळी एकशे साठ. उस्ताद वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जातात आणि विचारतात, “काय बिघडलं?” त्या एकदा झोपेचं विचारतात, एकदा काळजीचं, आणि एकदा तर सरळ म्हणाल्या, “मलाही नक्की सांगता येणार नाही.” हे उत्तर मिळाल्यावर उस्ताद दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी मात्र भिंतीवरून म्हणाले, “त्यांनाही कळत नाही म्हणजे, झेरॉक्सबाई, मी अगदीच काही मूर्ख नाही.”

गेल्या आठवड्यात माझी मुलगी परीक्षा पास झाली म्हणून मी केक आणला होता. ओळीतल्या सगळ्यांना दिला आणि उस्तादांपाशी येऊन अडखळले. “तुम्हाला चालेल का हो?”

त्यांनी मांडीवरचा चामड्याचा तुकडा बाजूला केला, बोटभर केक कापून घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “दोन तासांनी बोट टोचून सांगतो.”