झटपटच्या मुलीचा कोंडा

त्याला सगळे झटपट म्हणतात. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर असेल, पण परवाना आरशाच्या मागे गेलाय आणि आरसा भिंतीत ठोकलाय, त्यामुळे ते कोणी वाचलेलं नाही. माझ्या औषधांच्या दुकानाला लागूनच त्याचं सलून. मधे एका विटेची भिंत. तिकडे कात्री चालली की इकडे मला ऐकू येते. दोन खुर्च्या, एक बेसिन, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. बारा मिनिटांत केस कापून, डोकं धुऊन, मान झटकून माणूस पुन्हा रस्त्यावर. "काका, बाराव्या मिनिटाला गिऱ्हाईक उठलं नाही तर समजायचं झोप लागलीय," असं तो मला सांगायचा, आणि ते खरंच असायचं.

मी सत्तावीस वर्षं औषधं विकतोय. डोक्याने तापट आहे, हे आमच्या रस्त्यावर कोणालाही विचारा. कोणी चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला आला की मी पायरीवरूनच परत पाठवतो, मग तो शेजारी असो की जावई. एवढा कडक माणूस, आणि जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प बसलो. आता लपवून काय उपयोग?

झटपटची बायको मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पहिली पाळी, सहाच्या आत घराबाहेर. त्यामुळे मुलीच्या वेण्या घालायचं काम बापाकडे. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. अंगाने बारीक, आणि सतत कुठून तरी काहीतरी उचलून कुठे तरी नेत असते, म्हणून तिला मुंगी म्हणतात. केस मात्र कमरेच्या खाली. रोज सकाळी सलून उघडलं की पहिल्या खुर्चीवर उशी ठेवून तो तिला बसवायचा आणि दोन वेण्या घालायचा. आयुष्यात हे एकच काम तो सावकाश करत असेल. मी शटर वर करता करता टोमणा मारायचो, "अरे, गिऱ्हाइकाचे कधी इतके लाड केलेस का?" तो म्हणायचा, "गिऱ्हाइकाला इतके केस असतात का काका?" आणि मुंगी आरशातून माझ्याकडे बघून हसायची.

मग कोंडा सुरू झाला. शाळेचा गणवेश गडद निळा, त्यामुळे खांद्यांवर लगेच दिसायचा. एक दिवस तो डायरी उघडून माझ्या काउंटरवर घेऊन आला. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, 'मुलीच्या डोक्याची स्वच्छता राखावी.' त्याचा चेहरा बघवत नव्हता. "सलूनवाल्याच्या पोरीला असं लिहून यावं का काका?" मी म्हटलं, कोंडाच तो, कोणालाही होतो, जाईल. किती सोपं असतं दुसऱ्याला सांगणं.

आधी त्याने तेल लावलं. कोमट करून, रोज संध्याकाळी, मुळाशी चोळून. कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, असं सगळं जग मानतं, तसं तोही मानत होता. तेलाने कोंड्याचे पापुद्रे झाले आणि खाज दुप्पट वाढली. मग बारीक दातांच्या फणीने ते पापुद्रे खरवडले. मग लिंबू. मग एका दुपारी भिंतीपलीकडून पोरीची किंकाळी आली आणि मी चप्पल न घालता धावलो. दाढी करताना कापलं की लावतात ती तुरटी त्याने तिच्या खरवडलेल्या डोक्यावर फिरवली होती.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे? तुरटी गालाला लावायची की पोरीच्या जखमेला?"

"मग तुम्ही द्या काहीतरी," तो म्हणाला. हातात तुरटीचा खडा तसाच होता.

मी आतून औषधी शाम्पूची बाटली आणून दिली. चांगलं औषध होतं, आजही सांगतो. "आठवड्यातून दोनदा. तेल बंद, खरवडणं बंद. बाकी डोकं कसं धुवायचं ते तुला काय सांगणार, तुझा धंदाच तो." एवढ्यावर तो जरा सुखावला. माणसाला त्याच्या कामात मान दिला की बरं वाटतंच.

पहिली बाटली संपली, दुसरी संपली. कोंडा जागचा हलला नाही. शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीने जागा बदलून घेतली. पोरं मुंगीला 'मिठाची बरणी' म्हणायला लागली. ती घरी काही सांगायची नाही, बापाला ते दुसऱ्याच पोराकडून कळलं. मग ती हट्ट करायला लागली की रोज खेळाच्या तासाचा पांढरा शर्टच घालणार. का, तर पांढऱ्यावर दिसत नाही. दहा वर्षांच्या पोरीने एवढा विचार करावा, हे त्याला फार लागलं.

सलूनमध्येही लोक बोलायला लागले. एक जण खुर्चीत बसून, पोरीकडे बघत म्हणाला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" झटपटने त्याचे केस पूर्ण कापून दिले. एरवी त्याने त्याला अर्ध्या डोक्यानिशी उठवलं असतं.

मग झटपट तिला सरकारी दवाखान्यात दाखवून आला. तिसऱ्या बाटलीला आला तेव्हा चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "बघा, डॉक्टरांनीही हेच लिहिलंय. म्हणजे औषध बरोबर आहे, डोकंच चुकीचं आहे." मी चिठ्ठीवर नजर टाकली. औषधाचं नाव तेच. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. दुकानात चार माणसं उभी होती. मी नाव वाचलं, बाटली दिली, चिठ्ठी परत केली. सत्तावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचून पोट भरणारा मी, त्या दोन ओळी वाचल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुंगीचं शाळेत जाणंच थांबलं. सकाळी पोटात दुखायचं, उलटी व्हायची. एकदा तो तिला उचलून शाळेपर्यंत घेऊन गेला, तर तिने फाटकाचे गज धरून ठेवले. सोडवता सोडवता दोघंही रडले. अकरा दिवस झाले, तेव्हा मुख्याध्यापिकेने त्याला बोलावून सांगितलं, परीक्षेला बसली नाही तर वर्ष जाईल, मग तिच्यापेक्षा लहान मुलांबरोबर पुन्हा पाचवीत बसावं लागेल. तो माझ्याकडे येऊन नुसता स्टुलावर बसून राहिला. "काका, मला गळ्याशी आलंय," म्हणाला. "बायको म्हणते, दिवसभर लोकांची डोकी बघतोस, हे एक डोकं तुला बघता येत नाही?" मी त्याला पाणी दिलं.

सलूनला मंगळवारी सुट्टी असते. त्या मंगळवारी दुपारी मला भिंतीपलीकडून केस कापायचं मशीन ऐकू आलं. सुट्टीच्या दिवशी मशीन कसलं म्हणून बघायला गेलो, तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो. मुंगी खुर्चीत, उशीवर, गळ्याला कापड. दोन्ही वेण्या बाकावर वर्तमानपत्रात ठेवलेल्या. अर्धं डोकं मोकळं झालं होतं.

"तीच म्हणाली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "चार दिवस नाही म्हणत होतो. म्हणते, टक्कल कर, मग कोंड्याला बसायला जागाच राहणार नाही. मग शाळेत जाईन म्हणते. टोपी घालून जाईन."

कोंडा केसांना नसतो, कातडीला असतो. मला हे माहीत होतं. पण अर्ध्या डोक्यावर कोणाला काय सांगणार? मी बाकावर त्या वेण्यांशेजारी बसून राहिलो. बारा मिनिटांचा कारागीर तो, त्या डोक्याला पाऊण तास लागला. पोरगी रडली नाही. तोच मधे मधे मशीन बंद करून बाहीला डोळे पुसत होता, आणि ती आरशातून त्याला म्हणत होती, "बाबा, कर ना पुढे."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं सगळं. तिसऱ्या दिवशी त्या उघड्या, लाल डोक्यावर कोंडा पुन्हा आला. आता तर लपायलाही जागा नव्हती.

त्याच संध्याकाळी दोघं माझ्या काउंटरशी आले. मुंगीच्या डोक्याला सुती टोपी, कानापर्यंत ओढलेली. झटपटने अर्धी बाटली माझ्यासमोर आपटली. "दुसरं काहीतरी द्या. हे नुसतं पाणी आहे."

मला राग आला. येणारच. "पाणी काय म्हणतोस? शेकडो लोकांना हेच देतो मी, बरे होतात. लावतोस कसं ते सांग."

"कसं म्हणजे? लावलं, चोळलं, धुतलं."

"डोक्यावर किती वेळ ठेवतोस?"

"ठेवतो?" तो माझ्याकडे बघत राहिला. "शाम्पू डोक्यावर ठेवतात का कधी? अर्ध्या मिनिटात साफ. फेस राहिला की गिऱ्हाईक बोंबलतं."

"चिठ्ठी आहे का डॉक्टरांची?" त्याने खिशातून घडी काढली. मी चष्मा लावला आणि त्या खालच्या दोन ओळी वाचल्या. फेस करून पाच मिनिटं तसाच ठेवावा, मग धुवावा. इंग्रजीत, पण स्वच्छ लिहिलं होतं. वाचता येण्यासारखं.

"पाच मिनिटं ठेवायचं असतं," मी म्हटलं. "त्याशिवाय औषध कातडीवर काम करत नाही. तू प्रत्येक वेळी औषध लावून लगेच नाल्यात सोडलंस."

त्याने बाटली उचलून उजेडात धरली. मग हळू म्हणाला, "हे पहिल्याच बाटलीला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मी डोकी धुतो काका. औषध तुम्ही विकता."

मुंगी टोपीखालून आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. "म्हणजे केस कापायला नको होते?" तिने विचारलं.

"कापावेच लागले असते गं," बाप घाईघाईने म्हणाला. "हो ना काका?" आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलवावी. एक हो म्हणायचं होतं फक्त. त्याचंही भागलं असतं, माझंही.

पण आधीच एकदा गप्प बसून मी तिचं एवढं नुकसान केलं होतं. "नसते लागले बाळा," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त टोपी आणखी खाली ओढली.

तो तिला सलूनमध्ये घेऊन गेला. मी दुकान तसंच टाकून मागे गेलो. बेसिनवर वाकवून त्याने शाम्पू लावला, फेस केला, आणि त्याचे हात सवयीने नळाकडे गेले. "बाबा, थांब," ती म्हणाली. "मी मोजते. तीनशेपर्यंत." तो हात वर धरून उभा राहिला. एवढ्या चालत्या हातांना काय करायचं ते कळेना. बोटांवरचा फेस कोपरापर्यंत ओघळला.

एकशे चाळीसला ती थांबली. मान वाकलेलीच होती, आवाज बेसिनमधून आला.

"बाबा, मी आता अशी शाळेत जाणार नाही. केस आधीसारखे झाले की जाईन. किती दिवसांत येतील?"

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. केस महिन्याला अर्धं पेर वाढतात. कमरेपर्यंत यायला पाच वर्षं लागतात, जास्तच. हे त्या रस्त्यावर त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"येतील गं," तो म्हणाला. "लवकर येतील."

ती एकशे एक्केचाळीसपासून पुढे मोजायला लागली.