बुवांच्या पुण्यतिथीला आवाज मोठा

लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाच्या घरात काही ना काही साठलं. कुणाकडे टॉयलेट पेपर, कुणाकडे तांदूळ. आमच्याकडे किस्से साठले. बाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे जो तो ग्रुपवर येऊन बोलायचा, आणि आम्ही चौघं, म्हणजे मिलिंद, शर्वरी, केदार आणि मी, बोलायला लागलो की गाडी बुवांवर येऊनच थांबते.

बुवा म्हणजे आमचा रॉकस्टार. त्याचं खरं नाव मी मुद्दाम घेत नाही, घेतलं की तुम्ही वाचायचं सोडून गुणगुणायला लागाल. मेलबर्नला युनिव्हर्सिटीत असताना मिलिंदने त्याला बुवा करून टाकलं, कारण तोही भजनीबुवांसारखा अर्धी ओळ स्वतः म्हणायचा आणि उरलेली लोकांकडून म्हणवून घ्यायचा. आम्ही ऑस्ट्रेलियात येण्याच्या कितीतरी आधी तो एड्सने गेला. तरी गेली वीस वर्षं दर ऑगस्टमध्ये आम्ही त्याची पुण्यतिथी करतो; खरी तारीख नोव्हेंबरातली, पण तेव्हा आमच्या परीक्षा असायच्या. मेलबर्नच्या पॉइंट कुकला, मिलिंदच्या गॅरेजमध्ये, बटाटेवडे तळून आणि स्पीकर लावून.

पहिल्याच वर्षी एका पाहुण्याने भाषण ठोकलं की बुवा 'दीर्घ आजाराने' गेले. शर्वरी तेव्हा नर्सिंग शिकत होती. ती म्हणाली, "हा दीर्घ आजार कुठल्या पुस्तकात आहे, ते मला दाखव."

तेव्हापासून नियम झाला. गाणी सुरू होण्याआधी एकाने उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: नाव, आजार, वय. कुजबुज चालणार नाही. आमच्यातल्या एकालाही धड सुरात गाता येत नाही, पण हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

त्यामागे आणखी एक गोष्ट होती. मिलिंदला बुवांचं वेड लावलं त्याच्या मोठ्या भावाने, अजयने. सांगलीच्या घरातल्या कॅसेटी अजयच्या. अजयही त्याच आजाराने गेला, सव्विसाव्या वर्षी. गावात सांगितलं, टीबी. आईंनी तो शब्द कधी उच्चारला नाही आणि मिलिंदने त्यांच्यासमोर कधी काढला नाही. आम्हाला त्याने एकदाच सांगितलं, स्पीकरच्या वायरी गुंडाळता गुंडाळता.

आणि नेमक्या ह्याच आई तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आल्या, आणि विमानं बंद झाली. त्यात तीन गोष्टी सांगायची पाळी त्या वर्षी मिलिंदची होती.

*

आधी माझं सांगते. मी कोव्हिड टेस्टिंगला होते, पार्किंग लॉटमध्ये, पीपीई घालून. गाड्यांची रांग लांबच लांब. एका आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, एक जुना ट्रक आला, काच खाली, आणि आत बुवा पूर्ण आवाजात. ड्रायव्हर सत्तरीचा, दाढीवाला. मी स्वॅब उघडता उघडता खालच्या पट्टीत साथ धरली. त्याने शील्डमधून माझ्याकडे पाहिलं. "You too, mate?" म्हणाला, आणि नेमकी ती वरची तान आली. गड्याने मास्क खाली केला आणि डोळे मिटून घेतली ती.

रोज दोनशे लोकांना मी "आ करा" सांगायचे. त्याला सांगावं लागलं नाही.

*

मिलिंद ट्राम चालवतो, त्यामुळे तो रोज कामावर आणि आई घरात एकट्या. मास्कची टंचाई होती. एका संध्याकाळी तो घरी आला तर डायनिंग टेबलवर बावीस मास्क वाळत घातलेले, प्रत्येकावर बुवांचा एकेक अवयव. आईंनी त्याचे अकरा टी-शर्ट कापले होते, कॉन्सर्टचे, हौसेने जमवलेले.

"जुनेरं होती ती," आई म्हणाल्या. "कापड मात्र चांगलं आहे हो."

मिलिंद दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नाइलाजाने मास्क लावून ड्युटीवर गेला. शेवटच्या स्टॉपला एक बाई उतरताना म्हणाली की वीस वर्षांत मेलबर्नच्या ट्रामचा तिला पहिल्यांदाच अभिमान वाटला. डेपोतून बारा मास्कची ऑर्डर आली. मग मात्र हा आईंच्या शेजारी बसून इलॅस्टिक ओवायला लागला.

एक टी-शर्ट आईंनी कापला नव्हता. काळा, विटका, अजयचा. मिलिंद तो कपाटात सगळ्यात खाली ठेवतो.

*

आईंचं आवडतं वाक्य म्हणजे "आवाज कमी कर." सांगलीत अजयला म्हणायच्या, इथे मिलिंदला. एकदा शेजारीणही कुंपणापाशी येऊन तेच सांगून गेली, जरा चिडूनच. आईंनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"गाणं छान आहे म्हणाली."

आईंनी लगेच कुंपणावरून डबाभर रव्याचे लाडू दिले. त्यानंतर शेजारणीने कधी तक्रार केली नाही, उलट रिकाम्या डब्यातून लिंबं पाठवली. मिलिंदने ग्रुपवर भारी फुशारकी मारली.

आठवड्याने लाडू वळता वळता आई म्हणाल्या, "मला इंग्रजी येत नाही रे, पण माणूस रागावलेला कळतो. तू सांगतोस तेवढंच मला कळतं असं समजू नकोस."

हे मिलिंदने आम्हाला सांगितलं, पण हसला नाही.

*

ऑगस्ट आला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, म्हणून पुण्यतिथी रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर करायची ठरली. आदल्या आठवड्यात गाण्याची रंगीत तालीम घेतली. केदार सिडनीला, केलीव्हिलमध्ये असतो. तो मुळातच तालाला कच्चा, त्यात नेटमुळे आणखी मागे. आमचं गाणं संपलं तरी ह्याचं कडवं चालूच. त्याची नऊ वर्षांची लेक मागून म्हणाली, "Dad, you were on mute before. It was really good."

शर्वरी आता एज्ड केअरमध्ये नर्स आहे. तिथे भेटायला यायची कुणालाच परवानगी नव्हती, म्हणून म्हातारी माणसं तिच्याशीच बोलायची. त्यातलेच एक आजोबा, लेस. बुवांची सगळी गाणी त्यांना पाठ. शर्वरीने त्यांना आमचा नियम सांगितला, तर म्हणाले, मला बोलवा. त्या रविवारी ती ड्युटीवरच होती. आयपॅड धरून त्यांच्या खुर्चीशी बसली.

मिलिंदच्या शेजारी आई. तो लॅपटॉप हातात धरून उभा राहिला. बुवांचं नाव स्पष्ट घेतलं. आजार इतक्या हळू म्हणाला की मला ओठ तेवढे हललेले दिसले.

"कुजबुज नाही," शर्वरी म्हणाली. मला तिचा राग आला, आणि ती बरोबर होती.

मिलिंद काही बोलायच्या आत लेस म्हणाले, "Can I do one for mine?" शर्वरीने हात दिला, तसे खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. "Peter. AIDS. Thirty-one." थोडं थांबून म्हणाले, "We told everyone it was cancer." आणि बसले. चेहरा पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

मिलिंद लॅपटॉप टेबलावर ठेवून खाली बसला. आई स्क्रीनकडे बघत होत्या. "काय म्हणाले ते?"

मिलिंदला टीबी म्हणता आलं असतं. आम्ही कुणी बोललो नसतो.

"आई," तो म्हणाला, "त्यांचा जोडीदार होता, पीटर. एकतिसाव्या वर्षी एड्सने गेला. आणि त्यांनी सगळ्यांना कॅन्सर सांगितलं."

आई उठल्या आणि कॅमेऱ्यातून निघून गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. केदारने गाणं लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

आई परत आल्या त्या साडीवर काळा टी-शर्ट चढवून. नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या, त्यामुळे आम्हाला डोकं दिसेना, नुसता विटका टी-शर्ट आणि खाली निऱ्या. आवाज मात्र खणखणीत आला.

"अजय. एड्स. सव्वीस."

मग बसल्या, पदर टी-शर्टातून बाहेर काढून नीट केला आणि मिलिंदला म्हणाल्या, "लाव आता. आणि आवाज वाढव, त्याला हळू चालायचं नाही."