नव्या काट्यावरचं वजन

नोकरीची सगळी वर्षं मी अणुभट्ट्यांचं म्हातारपण मोजण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर पुण्याजवळ कासार आंबोलीला छोटं घर बांधलं, तरी ते काम सुटलं नाही. अणुवीज केंद्राची दर काही वर्षांनी कसून फेरतपासणी होते. भट्टी आणखी चालवायची की नाही, हे त्यावर ठरतं. २००४ साली अशाच एका जुन्या केंद्राच्या समितीवर मला घेतलं. कागदांचे गठ्ठे कुरिअरने घरी यायचे. कुरिअरवाला दर वेळी पौड रस्त्यावरून फोन करून पत्ता विचारायचा आणि तरीही चुकायचा. माझ्याकडे झिजेचं प्रकरण होतं. कुठला पाइप किती पातळ झाला, अजून किती टिकेल, हे बघायचं.

त्याच वर्षी बायकोला जेवण जाईनासं झालं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "दर रविवारी वजन करा. उतरत राहिलं तर लगेच पुण्याला नेऊन तपासण्या करू. नाही उतरलं तर काळजी नाही."

आकडे लिहायचे म्हटल्यावर मी खूश. नवी वही काढली, आलेखाचा कागद चिकटवला. चपला घालून काट्यावर चढली तर मी खेकसायचो. "अहो, मी काय तुमचा पाइप आहे का?" असं म्हणत ती चपला काढायची. चार रविवार वजन अर्धा-अर्धा किलो उतरलं. आणखी एक रविवार बघू आणि पुण्याला जाऊ, असं आमचं ठरलं.

त्याच आठवड्यात माझ्या हातून समितीची जाडजूड फाइल काट्यावर पडली आणि त्याची काच तडकली. मी पिरंगुटहून नवा काटा आणला. रविवारी ती त्यावर उभी राहिली, तर वजन दीड किलोने वाढलेलं. गोळ्या लागू पडल्या, मी म्हणालो. ती खाली उतरली आणि म्हणाली, "जुन्यावर पण बघू का एकदा?"

"कशाला? काच लागेल पायाला."

मी जुना काटा माळ्यावर टाकून दिला. तिने त्या दिवशी शिरा केला आणि त्यातले दोन चमचे खाल्ले. पुढच्या सहा आठवड्यांत तो दीड किलो पुन्हा उतरला. मी जुन्या काट्यावरचा शेवटचा आकडा बघितला, आत्ताचा बघितला आणि डॉक्टरांना फोनवर सांगितलं की होतं तिथेच आहे. गोळ्या चालू ठेवा, ते म्हणाले.

मग समितीच्या बैठकीसाठी मी केंद्रावर गेलो. एका तरुण इंजिनिअरने पडद्यावर आलेख दाखवला. एका महत्त्वाच्या पाइपची झीज थांबली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "मधे जाडी मोजायचं मीटर बदललं होतं का?" बदललं होतं. आमच्या कामात पहिला नियम असा की मीटर बदललं तर त्याच दिवशी, त्याच जागी, जुन्या आणि नव्या दोन्ही मीटरने मोजायचं. त्याने मोजलं नव्हतं. आता मोजलं, तर नवं मीटर जास्त दाखवत होतं. झीज थांबलेली नव्हतीच. पाइप बदलायचं ठरलं आणि मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, "पाइप आपोआप जाड होत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं."

घरी येऊन जेवताना हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती भात चिवडत ऐकत होती. "बिचारा," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला बोललात त्याला?" मग तिने ताट बाजूला सारलं. जुना काटा आमच्या डोक्यावरच्याच माळ्यावर होता. तिच्या तेव्हा काही लक्षात आलं का, हे मला कधी विचारता आलं नाही.

ज्यांच्याकडून आम्ही जागा घेतली, त्या शेजारच्या मावशी रोज दूध घालायला यायच्या. एक दिवस त्या फाटकातच थांबल्या. "साहेब, बाईंना चांगला डाक्टर दाखवा. लई वाळल्यात."

मी आतून वही आणून त्यांना आलेख दाखवला.

"मला न्हाई त्यातलं कळत," त्या म्हणाल्या. "पन बाईंच्या बांगड्या बगा की. पार कोपरापातूर चढत्यात."

मी आत जाऊन बघितलं. ती पोळ्या लाटत होती. हात वर केला की बांगड्या कोपराकडे घसरायच्या. रोज माझ्या समोर बसून जेवणाऱ्या बाईचे हात मी बघितलेच नव्हते.

पुण्याच्या डॉक्टरांनी वही चाळली आणि बाजूला ठेवली. दोन महिने आधी आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं, ते म्हणाले. ती संक्रांतीपर्यंत होती.

पुढे समितीचा अहवाल सहीला आला. त्यात त्या पाइपविषयी लिहिताना माझ्या दक्षतेचं कौतुक केलं होतं. ते वाक्य मी काढायला लावलं. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

त्या दुपारी मी माळ्यावर चढलो आणि जुना काटा खाली काढला. दोन्ही काटे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. मावशींनी दिलेली तांदळाची पिशवी आधी जुन्यावर ठेवली, मग नव्यावर. नवा काटा दोन किलो जास्त दाखवत होता. त्या रविवारपासूनच्या प्रत्येक आकड्यातून मी दोन किलो वजा केले आणि आलेख पुन्हा काढला. रेघ कुठेही थांबली नव्हती, सरळ खाली जात होती. मी फरशीवर बसून मोठ्याने रडलो. त्या पोराला मी ज्यासाठी झापलं, तेच मी तिच्या बाबतीत केलं होतं. आणि तिने तर विचारलंही होतं, जुन्यावर पण बघू का एकदा. दोन मिनिटांचं काम होतं.