जूनच्या आगीचा यजमान

कॉफी असो की बिअर, पहिला घोट तो जमिनीवर ओतायचा. "आधी तिला," म्हणायचा. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारा सत्तरीचा डच म्हातारा, निवृत्त ट्राम मेकॅनिक. माझ्या बायकोने दिलेला आल्याचा चहाही त्याने आमच्या गुलाबाच्या बुंध्याशी ओतला. तिला वाटलं, आवडला नाही.

मी त्याला सांगितलं, माझे वडील जेवणाआधी ताटाबाहेर चित्राहुती घालायचे. तो भलताच खूश झाला. तो उत्तरेकडचे जुने देव मानणारा, ख्रिस्ती धर्म यायच्या आधीचे. जूनमध्ये वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी तो बागेत आग पेटवायचा, दाराला बर्चच्या फांद्या बांधायचा, आणि मधाच्या दारूने भरलेलं बैलाचं शिंग हातोहात फिरायचं. ज्याच्या हाती शिंग, त्याने आपल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं आणि प्यायचं.

कोविडच्या पहिल्या वर्षी दरवर्षी येणारी त्याच्या पंथाची मंडळी आलीच नाहीत. त्याने एकट्याने आग पेटवली आणि मला माझा स्टीलचा पेला घेऊन कुंपणाबाहेर उभं केलं. "बूरमान," तो म्हणाला. म्हणजे शेजारी, हीच त्याची हाक. "पुढच्या वर्षी तू आत."

पुढच्या जूनमध्ये नियम सैल झाले आणि मी आत गेलो. दहा-बारा माणसं होती. शिंगाला तोंड लावायचं नाही, आपापल्या पेल्यात ओतून घ्यायचं, असं ठरलं. शिंग माझ्या हाती आलं, मी आजोबांचं नाव घेणार, तेवढ्यात शेजारी उभ्या दाढीवाल्याने ते काढून घेतलं.

"इथे आमच्या रक्ताच्या पूर्वजांना बोलावतात," तो म्हणाला. "पाहुण्यांनी बघावं."

आणि मी काय केलं असेल? हसलो. "हो हो, काही हरकत नाही," म्हणालो. परक्या देशात इतकी वर्षं काढली की हे हसू आपोआप येतं. मला त्या हसण्याची आजही चीड येते.

म्हातारा हसला नाही. "हा माझ्या बोलावण्यावरून आलाय," तो दाढीवाल्याला म्हणाला. "तू निघ." दाढीवाला निघाला, आणि त्याच्यामागून एकेक करून सगळेच. तीस वर्षं एकत्र आग पेटवणारी मंडळी, पण एकही त्याच्या बाजूने थांबला नाही. भेकड लेकाचे. मग म्हातारा माझ्यावर ओरडला, "तू हसलास कशाला?" मीही घरी निघून आलो.

म्हणजे ज्याच्यासाठी त्याने सगळ्यांशी तोडलं, तोही गेला. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्यासमोर जायची लाज वाटायची. तो दिसला की मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचो. चिडलाय, निवळला की जाऊ, असं म्हणत पाच महिने काढले.

नोव्हेंबरमध्ये तो कोविडने गेला. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. त्याच्या मुलाने मला आवर्जून बोलावलं होतं. मी त्याला म्हटलं, "तुझे वडील माझ्यावर रागावले होते."

मुलगा म्हणाला, "बाबा? त्यांना तर वाटायचं, तुम्हीच रागावलात. घरी बोलावलेल्या माणसाचा माझ्या लोकांनी अपमान केला, आता कुठल्या तोंडाने त्याच्या दारात जाऊ, म्हणायचे. दोनदा तुमच्या बेलपर्यंत येऊन परत गेले."

तिथे, त्याच्या शवपेटीसमोर, मला त्याचा भयंकर राग आला. अरे म्हाताऱ्या, वाजवायचीस ना बेल. वर्क फ्रॉम होम होतं. मी दिवसभर घरातच होतो.