वस्तूचा रंग: लाल-हिरवा

मारोतीकाकांची नोकरी एका बंद पडलेल्या टॉवरची राखण करण्याची. केळापूरहून आमच्या गावाकडे येताना डाव्या हाताला सागाची टेकडी लागते, तिच्यावर हा चाळीस मीटर उंच मोबाइल टॉवर उभा आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तो बंद केला, वीज तोडली, टोकावरचा लाल दिवाही विझला. काकांना मात्र 'उद्यापासून येऊ नका' असं कोणी सांगितलं नाही, म्हणून काका जात राहिले. सकाळी डबा घेऊन सायकलने जायचे, अंधार पडल्यावर परत यायचे.

मी त्यांच्या शेजारची प्रेरणा. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. म्हणजे गावाचा सगळा कारभार माझ्या दहा बोटांनी चालतो आणि सह्या दुसऱ्यांच्या असतात. असो, माझं रडगाणं पुन्हा कधीतरी.

काकांचा एकुलता एक मुलगा नयन टॉवरवरच्याच कामाला होता, एका कंत्राटदाराकडे. गेल्या मे महिन्यात वरची यंत्रं उतरवायची म्हणून तो बापाच्याच टॉवरवर चढला आणि अर्ध्यावरून पडला. काका खाली पाण्याची बाटली घेऊन उभे होते. त्यांनी नेमकं काय पाहिलं ते मला माहीत नाही, कारण काकांनी कधी कोणाला काही सांगितलं नाही.

ते रडलेही नाहीत. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन पुन्हा टेकडीवर निघाले. मला राग आला. गल्लीत गाठून मी विचारलं, "काका, तिथं कायले जाता आता?"

"मंग कुठं जाऊ?" काका म्हणाले, आणि उत्तरासाठी थांबलेही. मग सायकलवर बसून निघाले.

रुखमाकाकूंचं तर आणखी कठीण. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या त्या बसल्याच. दारापर्यंत येईनात. चूल काकाच पेटवायचे. काकू अर्धी भाकर पाण्यात बुडवून गिळायच्या, तीही कोणी समोर बसलं तर. सहा महिन्यांत त्यांनी नवऱ्याकडून एकच गोष्ट मागून घेतली. नयनच्या फोटोवर हात ठेवायला लावून, टॉवरवर कधी चढणार नाही, अशी शपथ. मला तेव्हा ते वेडेपण वाटलं. गुडघेदुखीने बेजार झालेला साठीचा माणूस टॉवरवर कशाला चढेल?

आमच्या गल्लीत एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आकाशदिवा लावायचा. अंगणात उंच बांबू उभारायचा, टोकाला दिवा चढवायचा, गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. कोजागिरीच्या आदल्या दिवशी काका पंचायतीत आले आणि सव्वीस जानेवारीच्या सजावटीतले उरलेले जिलेटीनचे कागद मागू लागले. केशरी संपला होता. लाल आणि हिरवा होता, तो दिला.

दोन दिवसांनी पाहिलं तर काकांच्या अंगणात बांबूच नाही. आणि दिवेलागणीला टेकडीवर, सागांच्याही वर, आकाशात एक ठिपका. वाऱ्याने फिरला की लाल, परत फिरला की हिरवा. टॉवर अंधारात दिसेनासा झालेला, त्यामुळे ठिपका अधांतरीच लटकल्यासारखा वाटत होता. अर्ध्या तासाने तेल संपलं आणि तो गेला. मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना धरलंच. "शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"घेतली होती."

"मंग? अंगणात बांबू नाही लावता येत?"

"घरून गेला काय तो?" काका शांतपणे म्हणाले. "जिथून गेला तिथंच लावा लागते. बांबूवरचा त्याले कसा दिसन?"

काका पुढे म्हणाले, "तुह्या काकूले सांगू नको. ते अंगणात येऊन राह्यली, माय. लाइट पाह्याले."

ते खरंच होतं. रोज संध्याकाळी काकू भिंत सोडून अंगणात येत आणि टेकडीकडे तोंड करून उभ्या राहत. दिवा दिसला की त्यांचे ओठ हलत. नंतर काका घरी आले की आत जाऊन स्वतः चूल पेटवत, भाकरी थापत आणि नवऱ्यासोबत बसून जेवत. पूर्ण भाकर. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, रुखमाबाईला त्या उजेडात पोरगा दिसतो. मलाही तसंच वाटलं. काका म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत राहू दे. तवरोक ते सावरन." मी हो म्हटलं. आपण फार मोठं पुण्य पदरात पाडून घेतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

घोळ केला तो सुनीलने. सुनीलची फाट्यावर पानटपरी आहे आणि जिभेला हाड नाही. त्याने मोबाइलवरून व्हिडिओ काढला, इतका ओढून मोठा केला की ठिपक्याची ताटली झाली, आणि 'आमच्या गावात उडती तबकडी' म्हणून टाकून दिला. आठवड्यात यवतमाळहून गाड्या यायला लागल्या. पोलीस येऊन चहा पिऊन गेले. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण वरून जाणाऱ्या एका विमानाच्या वैमानिकानेही त्या भागात अनोळखी दिवा असल्याचं कळवलं. मग पौर्णिमेला चार दिवस उरले असताना हवाई दलाची जीप पंचायतीसमोर येऊन थांबली.

दोघंच होते. स्क्वॉड्रन लीडर सुरभी, माझ्याच वयाची, कमी बोलणारी. आणि सार्जंट अमर, उंचपुरा, नम्र. दोघंही हिंदी बोलणारे. बयान टाइप करायला मी. छापील प्रश्नावलीच होती: वस्तूचा आकार, रंग, गती, आवाज, वास. वास! सुनीलने सगळ्याच प्रश्नांची उत्तरं दिली. त्याला तबकडीला तीन खिडक्या दिसल्या होत्या आणि एका खिडकीत कोणीतरी बसलेलं. सुरभी मॅडमने शांतपणे विचारलं, बसलेला माणूस कोणत्या बाजूला तोंड करून होता? सुनील म्हणाला, टपरीकडे. मी तेही टाइप केलं.

मग काकांना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"आप तो रोज वहीं होते हैं. कुछ देखा?"

"नाही."

"एक बार भी नहीं?"

"मी खालीच पाह्यतो," काका म्हणाले. मॅडमने प्रश्नावलीचं पान उलटलं. मी 'साक्षीदाराने काही पाहिले नाही' असं टाइप केलं. सरकारी कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं.

पण मॅडम गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, टॉवरच्या टोकावर कॅमेरा बसवू, म्हणजे वस्तू जवळून दिसेल. काकांनी किल्ली द्यावी. आणि सुनीलने सांगितलेली ती रोज संध्याकाळी अंगणात उभी राहणारी बाई कोण, तिचं बयान घ्यायचंय. एकाच जागेवरून रोज पाहणारा साक्षीदार फार मोलाचा असतो. सार्जंट वर गेला की त्याला काजळी दिसणार, तेलाचे ओघळ दिसणार, आणि काकूंना कळणार की त्यांचा पोरगा दिसत नव्हता, शपथ मोडून नवरा चढत होता. त्या पुन्हा भिंतीला जाऊन बसतील. एवढी एकच भीती मला होती.

चार वाजता आम्ही काकांच्या अंगणात गेलो. काकू आत होत्या. मी आत जाऊन म्हटलं, "काकू, काही माहीत नाही म्हणा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर येऊन बाजेवर बसल्या. काका किल्ली घेऊन सायकलपाशी उभे होते.

मॅडमने विचारलं, उजेड किती वाजता दिसतो?

"सव्वासहाले हे चढाले लागतेत," काकू म्हणाल्या. सहा महिन्यांत त्यांचा इतका स्पष्ट आवाज मी ऐकला नव्हता. "एकशे बत्तीस पायऱ्या आहेत. नयननं सांगितलं होतं मले. मी इथून मोजतो. दिवा लागला म्हंजे पोचले. मंग उतराच्या मोजतो. उतराले जास्त टाइम लागते, याइचा गुडघा दुखते."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला ते हिंदीत सांगता येईना. सांगायची गरजही नव्हती. त्या काकांकडे वळल्या होत्या.

"तुले मालूम होतं?" काकांनी विचारलं.

"शर्ट कोण धुते तुमचे? सगळी काजळी आन् तेल."

"मंग बोलली काहून नाही?"

काकूंनी टेकडीकडे पाहिलं. "बोलली असती तर तुम्ही लपून चढले असते. मंग कवा चढले, कवा उतरले, मले दिसलं नसतं."

मला स्वतःची लाज वाटली. आम्ही अख्खी गल्ली सहानुभूतीने म्हणत होतो की रुखमाबाई उजेड बघायला बाहेर येते. ती बाई रोज अर्धा पाऊण तास उभ्या उभ्या मरत होती. सायकल दारात आली की तिला पुन्हा जीव यायचा, मग ती चूल पेटवायची, आणि ती भाकर बघून आम्ही म्हणायचो, सावरतेय.

काकू मॅडमला म्हणाल्या, "तुम्ही फौजेतल्या आहा. तुमचं ऐकतीन ते. त्याइले म्हणा, नका चढू." एवढं मात्र मी हिंदीत सांगितलं.

मॅडम अमरला म्हणाल्या, जा, दिवा उतरवून आण. अमरने जीपमधून एक पट्टा काढला आणि तिथेच अंगावर चढवला. खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांवरून जाणारा, पुढे दोन मोठे हूक. एक हूक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा असतो, तो मला सांगत होता. काकू उठून त्याच्याजवळ गेल्या. एक हूक हातात घेतला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"हे सगळ्याइले देतेत काय?"

"हाँ माताजी. इसके बिना हमें चढ़ने ही नहीं देते."

"वजन किती आहे याचं?"

"दो किलो होगा."

"दोन किलो," काकू म्हणाल्या. हूक मिटवला आणि हळूच सोडून दिला. नयनच्या कमरेला त्या दिवशी काय होतं, ते पंचनाम्यावरून मला माहीत होतं. मोबाइलचं पाकीट. पंचनामा मीच टाइप केला होता, आणि पट्टा कुठे होता, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

अमर वर गेला तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. परक्याच्या पोराच्याही पायऱ्या त्यांनी मोजल्या, चढतानाच्या आणि उतरतानाच्या.

पंचायतीत परतल्यावर मॅडमने अहवाल तोंडी सांगितला आणि मी टाइप केला. वस्तूचा रंग: लाल-हिरवा. उंची: चाळीस मीटर. स्वरूप: धार्मिक दिवा. गती, आवाज, वास: नाही. धोका. इथे त्या थांबल्या. खिडकीतून टेकडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लिहा, नाही. काकांचं बयान त्यांनी माझ्या हातून परत घेतलं, फाडलं आणि तुकडे खिशात ठेवले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते फार लागलं.

संध्याकाळी काकांनी अंगणात बांबू उभारला. मी धरू लागले. घराच्या कौलांपेक्षा जेमतेम हातभर उंच झाला असेल. त्यावर दिवा चढवला. टेकडीवर अंधार होता. फाट्यावर सुनील, तबकडीवाले घाबरून पळाले, म्हणून सांगत असेल.

काकूंनी दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर उभं राहायचं आता कारणच नव्हतं. त्या आत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. मी दारात उभी होते. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

काकांनी चूल पेटवली. दोन भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या. एकाच ताटात घेऊन काकूंच्या समोर मांडी घालून बसले. काकूंनी हात पुढे केला नाही. काकांनी एक घास मोडला, डाळीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावत राहिले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, टेकडीकडे बघायच्या तशाच. काकांनी घास गिळला. मग काकूंनी भाकरीला हात लावला.