तपासणीपुरते थेंब

फौजेत मी सतरा वर्षं काढली. इन्स्पेक्शन म्हटलं की आदल्या दिवशी बूट चकाचक. साहेब गेला की बूट खाटेखाली. हीच अक्कल मी काचबिंदूला लावली.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. डोळ्यातला दाब वाढला की मागच्या नसेला रक्त पोचत नाही, ती वाळत जाते. थेंबांनी दाब उतरतो, नसेला रक्त मिळतं. सकाळ-संध्याकाळ टाकायचे. मी महिनाभर टाकले. डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, आणि नजर होती तेवढीच. रक्त पोचतंय तर जास्त दिसत का नाही? मग टाकायचे कशाला! उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली मी एकट्यानं बाहेर काढत होतो, माझ्या नजरेला काय धाड भरली होती?

बायको रोज विचारायची, "आवं, थेंब टाकलं का?"

"व्हय."

तपासणीआधी चार दिवस मात्र इमानदारीत टाकायचो. दाब मोजून बाई खूश, मीही खूश. दीड वर्ष ही कवायत बिनबोभाट चालली.

मग बाईंनी सुरुवातीला बसवलं होतं तसं पुन्हा नजरेच्या मशीनवर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडं बघायचं, आजूबाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं. म्हटलं, हे तर चांदमारीतल्या नेमबाजीपेक्षा सोपं. दणादण दाबलं.

बाईंनी कागद दोनदा बघितला. "दाब उत्तम आहे, तरी नजर घटतेय. म्हणजे नसेला रक्तच कमी पडत असेल. तुमच्या बीपीच्या गोळीनं रक्तदाब फार उतरतोय का ते बघावं लागेल, थेंब बदलू. नाहीतर ऑपरेशन."

बायकोनं माझा दंड धरला. "बाई, एक बी दिस चुकला न्हाई. म्या सोता इचारते की रोज."

माझी पाचावर धारण बसली. खोटं मी बोललो, आणि माझ्यासाठी ती शपथेवर सांगत होती! "थांबा मॅडम," मी म्हणालो. "चारच दिवस टाकतो. तपासणीपुरतं."

बाई भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवले. जुन्यावर कोपऱ्यात, जिथलं दिसत नाही तिथं, काळा डाग होता. नव्यावर तो पार मध्याजवळ सरकला होता.

"आता रोज टाकले तर हे जाईल?"

"नाही. गेलेली नजर थेंबांनी येत नाही. आहे ती राहते."

एसटी स्टँडवर बायकोनं मला बाजूला थांबवलं. मग म्हणाली, "म्या रोज इचारायची ती काय हौस म्हणून व्हय?" इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ट्रॅक्टर आता पुतण्या चालवतो. चावी मीच दिली. थेंब रोज, दोन्ही वेळा, घड्याळ लावून. चुरचुरतात, चुरचुरू देत. परवा वर्षानं पुन्हा मशीनवर बसलो. काळं होतं तेवढंच, तसूभर वाढलं नाही. वाढणार नव्हतंच, मला खात्री होती. बाई "छान" म्हणाल्या तशी मी ऐटीत बायकोकडं वळलो. ती पदरानं डोळे पुसत होती. मला लख्ख दिसलं.