रामटेके सरांचं पृथक्करण

आलापल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे खुशाल रामटेके सर बायको गेल्यापासून एकटेच राहत. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ते फळ्यावर एखादं लांबलचक इंग्रजी वाक्य लिहीत आणि त्यातलं मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, ते शोधत बसत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचून परतणारी सीता दाराशी थांबली. ती दहावीला इंग्रजीतच नापास झाली होती.

"सर, 'हू'पासून सुरू होते ते वाक्य कोणाले जोडलं हाय?"

"तूच सांग," म्हणत सरांनी तिला खडू दिला.

तिनं नेमक्या नामाखाली रेघ ओढली. मग ती रोज येऊ लागली.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. हिवाळ्यात तिचं लग्न होऊन ती सिरोंच्याला गेली. लग्नाचं जेवून निघालेल्या सरांना घरी जावंसं वाटेना, म्हणून ते बराच वेळ बसस्टँडवर बसून राहिले.